अक्कलदाढेची बदली

४ मार्च

चि. शेंडेफळ,

आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर. फोन करणार होतो, पण फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस. शिवाय सध्या माझा डावा गाल सुजलाय. बोलायला गेलो की समोरच्याला वाटतं, तोंडात उकडलेला बटाटा धरलाय.

एकाच आठवड्यात घरातून दोघी गेल्या. एक माझी खालची डावी दाढ आणि दुसरी आपली मधली. दाढेचं आधी सांगतो, कारण ती बिचारी आपण होऊन गेली नाही.

तुला माहीतच आहे, बाबा गेल्यापासून बेकरीतल्या सकाळच्या पहिल्या टोस्टची परीक्षा मीच करतो. डोळे मिटून, डाव्या दाढेखाली. नुसत्या आवाजावरून मला भट्टी कशी लागली ते कळतं. त्या दिवशी भट्टीवाल्याने टोस्ट असा काही कडक भाजला की दाढ उभी चिरली. त्याला चांगलंच फैलावर घेतलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी उरलेले तुकडे काढले आणि हातात आरसा दिला. आत नुसती खिंड.

मधलीचं तुला कळलं असेलच. बावन्नाव्या वर्षी लग्न! तेही आपल्याला पीठ पुरवणाऱ्या माणसाशी. म्हणजे इतकी वर्षं हा गृहस्थ पोती मोजायला येत नव्हता तर. रविवारी तिने बॅग भरली आणि त्याच्या टेम्पोत बसून गेली. वरात म्हणावी तर मागे मैद्याची पोती. गिऱ्हाइकं विचारतात, ताई कुठे गेल्या? मी काय सांगू, टेम्पोत गेल्या?

आता मुद्द्याचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडात स्क्रू घालून त्यावर नवा दात बसवता येईल. मी साफ सांगितलं, परकी वस्तू माझ्या तोंडात नको. मग त्यांनी दातांचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अहो, त्याच बाजूला मागे कोपऱ्यात तुमची अक्कलदाढ आहे की! वरची जोडीदारीण केव्हाच गेलीय, त्यामुळे तिला चावायला काही नाही. नुसती बसून आहे. तीच उचलून पुढे लावू. तुमचीच आहे, बहुतेक धरेल."

खुर्चीत उताणा पडल्या पडल्या मला वाटलं, किती सरळ आहे हे! कामाची गेली, तर बिनकामाची तिच्या जागी आणायची. घरचीच, म्हणजे अंगालाही ओळख पटते. आणि लगेच मला तुझी आठवण झाली.

तू तिकडे एकटी. दिवसभर पाण्यात. तुझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. इकडे गल्ला उघडा पडलाय. बाहेरचं माणूस मी ठेवणार नाही, बाहेरच्याला गल्ल्यावर बसवणं म्हणजे तोंडात स्क्रू. तेव्हा एप्रिल संपायच्या आत ये. तुझ्या खोलीतली पोती काढून घेतली आहेत.

दादा


११ मार्च

ती. दादास,

सकाळी पोहण्याच्या तलावात मी पालथी पडते तेव्हा आपोआपच साष्टांग घडतो. तो तुझ्या खात्यावर मांड.

आजवर घरात मला शेपूट म्हणून झालं, शेंडेफळ म्हणून झालं, बाबा तर रागात असले की 'हे एक खूळ' म्हणायचे. पण अक्कलदाढ म्हणून निमंत्रण प्रथमच आलं. नावात का होईना, अक्कल आहे हे तू मान्य केलंस, आभारी आहे.

माझ्या बिनकामाचा थोडा हिशेब देते. सकाळच्या माझ्या तुकडीत सगळ्या साठीच्या पुढच्या बायका आहेत. जन्मभर पाण्याला भिऊन राहिलेल्या. त्यांना मी काय शिकवते, तर पाण्यावर उताणं पडून राहायला. ऐकायला सोपं वाटतं ना? तू पडून दाखव. एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आहेत. त्यांच्या खाकरण्याने म्हणे आख्खी शाळा गप्प व्हायची. त्या दोन महिने झाले कडेचा दांडा सोडायला तयार नाहीत. रोज मला सांगतात, "उद्या नक्की सोडते हं." गृहपाठ न केलेल्या मुलीसारखं तोंड करतात. मी दांड्याशेजारी उभी राहते आणि त्यांच्या पाठीखाली हात धरते. हेच ते माझं दिवसभर पाण्यात.

तुझं पत्र परत एकदा वाचलं. खुर्ची, गल्ला, टोस्ट, टेम्पो, सगळं आहे. पण दादा, त्यात तू मला एकही प्रश्न विचारलेला नाहीस. कशी आहेस, एवढासुद्धा नाही. माझे प्रश्न मात्र आहेत. ती दाढ त्या जागेत मावली नाही तर काय करतात, तासतात? आणि कोपऱ्यात जिथून ती उपटली, तिथल्या खड्ड्याचं काय?

गल्ल्याचं म्हणशील तर नाही. गल्ल्यावरची खुर्ची बाबांच्या मापाची आहे आणि बाबा ताडमाड होते. मधलीचे पाय कधी जमिनीला लागले नाहीत, जन्म गेला बिचारीचा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर पाय ठेवून. मी तर तिच्याहून बुटकी. मला डब्यावर डबा लागेल.

शेपूट


२७ मार्च

चि. शेंडेफळ,

झालं! दाढ हलली.

भूल दिलेली होती, त्यामुळे दुखलं नाही, पण ऐकू सगळं येत होतं. तुझ्या प्रश्नांची उत्तरं मिळवूनच आलोय. दाढ तासत नाहीत. उलट डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्या दाढेची हुबेहूब नक्कल करून घेतली होती. ती नक्कल जागेत घालून बघायची, अडली की हाड थोडं कोरायचं, पुन्हा घालून बघायची. जागा दाढेच्या मापाने करायची. खऱ्या दाढेला उगाच हात लावायचा नाही, कारण मुळाभोवती एक पातळ कातडं असतं, तेच पुढे नव्या जागेला धरतं. ते खरवडलं की खेळ खलास. म्हणून सगळी तयारी झाल्यावरच दाढ उपटली आणि लगोलग इकडे बसवली. बाईंचे हात असे चालत होते की मला आपला भट्टीवाला आठवला, ट्रे काढताना दार जास्त वेळ उघडं ठेवत नाही, तसे.

मागचा खड्डा आपोआप भरून येतो म्हणे. कुणाला काही करावं लागत नाही.

आता दाढ शेजारणीला तारेने बांधून ठेवलीय. मुद्दाम जरा खाली बसवलीय, वरच्या दाताला टेकू नये म्हणून. पुढचे काही आठवडे डाव्या बाजूने चावायचं नाही. टोस्ट दुधात बुडवून गिळतोय. ज्याने टोस्टचा आवाज ऐकून भट्टी ओळखली, त्याच्यावर ही वेळ! परीक्षा सध्या भट्टीवालाच करतो आणि रोज स्वतःला पास करतो.

तुझ्या 'नाही'चं मी मनावर घेतलेलं नाही. तू लहानपणापासून आधी नाही म्हणतेस. पोलिओच्या डोसालाही म्हणाली होतीस. तिकडचं सोडून यायला तुला अवघड जाईल, हे मी समजू शकतो. म्हणून मोठा भाऊ या नात्याने त्याची व्यवस्था मीच केली आहे. तू काळजी करू नकोस.

दादा


१ एप्रिल

अगं धाकटे,

नव्या घरातून पहिलंच पत्र तुला लिहिते आहे. इथे स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खांद्याला लागते आणि ओटा माझ्या कमरेला. बसायला एक साधी खुर्ची आहे. पहिल्या दिवशी बसले आणि पाय टेकले, तर उगाच डोळ्यांत पाणी आलं. आमचे हे घाबरले. त्यांना वाटलं, मला माघारी जायचंय.

दादाने तुला दाढेचं काय सांगितलं, ते मी ओळखू शकते. भट्टीवाल्याचं नाव घेतलं असेल. ऐक. टोस्ट रोजच्यासारखाच होता. तो पहिला टोस्ट तोंडात धरून डोळे मिटून उभा होता आणि मी म्हटलं, मी लग्न करतेय. त्याने डोळे उघडले नाहीत. नुसता कडकन आवाज आला. मी म्हटलं, झाला वाटतं टोस्ट चांगला. तर तो गाल धरून खाली बसला. भट्टीवाला बिचारा आत होता, त्याला बाहेर बोलावून शिव्या दिल्या.

मी चोरासारखी गेले असंही सांगत असेल. गेलं वर्षभर त्याच्यापुढे दातांच्या कण्या करत होते, गल्ल्यावर दुसरं कुणी बघ म्हणून. ते जाऊ दे, निदान खुर्चीचे पाय तरी सुताराकडून कापून घे म्हटलं, तर म्हणाला, "बाबांच्या खुर्चीला करवत लावायची?" बाबा जाऊन किती वर्षं झाली, तरी खुर्ची त्यांच्याच उंचीची.

आणखी एक. गिऱ्हाइकांना तो सांगत सुटलाय की धाकटी येणार. तुझ्यासाठी ॲप्रन शिवून घेतलाय. माप माझंच दिलंय.

आता मनातलं सांगते. तू त्या खुर्चीवर जाऊन बसलीस, तर मला फार हलकं वाटेल. दादाची काळजी मिटेल, मी मोडलेलं घर परत सांधल्यासारखं होईल. इतकं हलकं वाटेल, की म्हणूनच सांगते, जाऊ नकोस.

तुझी ताई


९ एप्रिल

दादा,

आज नमस्कार नाही.

तुझी 'व्यवस्था' पोचली. तलावाच्या व्यवस्थापकांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर आपल्या बेकरीचा डबा उघडा होता आणि साहेबांच्या मिशीत बिस्किटाचा चुरा. डब्याशेजारी तुझं पत्र. 'माझी धाकटी बहीण आपल्याकडे वेळ घालवीत असते. तिला घरी काम निघाले आहे, तरी तिला मोकळे करावे, ही विनंती. सोबत आमच्याकडची बिस्किटे.' साहेब म्हणाले, "मोठ्या भावाचंच पत्र, म्हटल्यावर मी तुमची तुकडी दुसऱ्याला देऊन टाकली. बिस्किटं छान आहेत हो."

दादा, मी शेहेचाळीस वर्षांची बाई आहे. माझी शाळेतून सुट्टी मागितल्यासारखी चिठ्ठी लिहिलीस तू! आणि वर डबा! मला डब्याबरोबर विकलंस की डबा माझ्याबरोबर, ते तरी कळू दे.

आठवडाभर मी त्या खोलीच्या दारात उभी होते. तुकडी मिळाली होती एका तरण्याताठ्या पोहणाऱ्याला, जो बायकांना काठावरून शिट्टी मारून सांगायचा, "आज्जी, घाबरायचं नाही!" तीन जणींनी यायचं बंद केलं. शेवटी मुख्याध्यापिकाबाई ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळून साहेबांच्या खोलीत गेल्या आणि खाकरल्या. बाकी त्या काय बोलल्या मला माहीत नाही. तुकडी परत मिळाली. आणि मिळवून दिली कुणी, तर तुझ्या मते जिचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं, तिने.

मागच्या पत्रात तूच लिहिलंयस, जागा दाढेच्या मापाने करायची, दाढ तासायची नाही. मुळाचं कातडं खरवडायचं नाही. तुझ्या तोंडातल्या एका हाडासाठी डॉक्टरीणबाई एवढं जपतात, आधी नक्कल करून बघतात. तू मला बघायलाही आला नाहीस. मधलीच्या मापाचा ॲप्रन शिवलास. खुर्चीला करवत लावायला तुझा जीव होत नाही आणि बहिणीला लावायला होतो!

आणि मागचा खड्डा आपोआप भरून येतो, असं तू म्हणतोस. तुझ्या तोंडातला येत असेल. इथला मी आठवडाभर बघितला, भरून आला नाही. तीन बायका कमी झाल्या.

बाकी टोस्ट नेमका कसा कडक झाला होता, ते मला कळलंय. भट्टीवाल्याची माफी माग.

तुझी अक्कलदाढ नसलेली
बहीण


३ मे

चि. शेंडेफळ,

तुझं पत्र मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी राग आला होता, मग तो गेला, मग काय लिहावं ते सुचेना.

तलावाला पत्र लिहिलं ते काय वाईट हेतूने नव्हतं. बाबा असते तर त्यांनीही लिहिलं असतं. पण तुझी तुकडी जाईल असं माझ्या मनात नव्हतं. मला वाटलं, कुणी तरी दुसरं उभं राहील काठावर, त्यात काय एवढं! बरं, चुकलं. भट्टीवाल्यालाही सांगितलं, टोस्टचा दोष नव्हता. तो म्हणाला, मला माहीत होतं.

आता चांगली बातमी. दाढ धरली! तार काढली. बाईंनी चिमट्याच्या मागच्या टोकाने ठोकून बघितली, हलवून बघितली, म्हणाल्या, उत्तम. मध्यंतरी दोन बैठकांत तिच्या आतली शीर काढून आत मसाला भरला. एवढ्या वयात मूळ पूर्ण झालेलं असतं, त्यामुळे उपटली की शीर तुटते आणि परत जोडत नाही म्हणे, आत सडू नये म्हणून काढायचीच. पण त्याचा फायदा बघ. आता गार लागत नाही, गरम लागत नाही, ठणका नाही, कुरकुर नाही. नुसतं काम. आजवर कोपऱ्यात बसून अधूनमधून दुखायची तेवढीच, आता घरातली सर्वांत गुणी दाढ झालीय. काल पहिल्यांदा डाव्या बाजूने ब्रेडची कड चावली.

म्हणून म्हणतो, जागा बदलायला सुरुवातीला त्रास होतो, मग सगळं सुन्न, नीट होतं. गल्ल्यावर सध्या मीच बसतो. दुकान बंद करताना शटर ओढलं की आतल्या शांततेत काय करावं ते समजत नाही. मधली असताना ती नोटा लावता लावता बडबडायची, तेव्हा मी तिला गप्प बस म्हणायचो. हे आपलं असंच लिहिलं. अजून विचार कर.

दादा


९ मे

ती. दादास नमस्कार. राग थोडा उतरलाय, त्यामुळे आज घालते.

तू 'चुकलं' असं लिहिलंस. ते पत्र मी कपाटात वेगळं ठेवलंय, कारण असा कागद आपल्या घरात दुसरा नसेल. दाढ धरली, याचा खरंच आनंद झाला. डॉक्टरीणबाई जिंकल्या. माझ्यापुरता आनंद तिथे संपतो.

दादा, तू लिहिलेलं तूच एकदा मोठ्याने वाच. गार लागत नाही, गरम लागत नाही, कुरकुर नाही, नुसतं काम. हे तू दाढेचं लिहिलंस, पण मला वाचताना मधली दिसली. डब्यावर पाय ठेवून बसलेली. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून तुला वाटलं ती सुखात आहे. नव्या घरी साध्या खुर्चीत बसली आणि पाय टेकले, तर तिला रडू आलं. इतकी वर्षं तिला लागत होतं, दादा. तू ठोकून बघितलं नाहीस. दाढेला तरी चिमट्याने ठोकून बघतात.

तू शटर ओढल्यावरचं लिहिलंस, त्याने मला गलबलून आलं. मी काही दगड नाही. पण तुला एकटं वाटतं, याला उपाय मी गल्ल्यावर बसणं हा नाही. गल्ल्याला माणूस बघ. आणि एकटं वाटलं तर मधलीला फोन कर, मला कर, आम्ही मध्येमध्ये बोलू आणि तू ऐकून घे.

काल मुख्याध्यापिकाबाईंनी दांडा सोडला. नेहमीप्रमाणे 'उद्या' म्हणाल्या आणि सोडलाच. माझा हात पाठीखाली होता, मग तोही मी काढून घेतला आणि त्यांना कळलंही नाही. त्या छताकडे बघत तरंगत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "अगबाई, पाणी केवढं गार आहे!" इतके दिवस भीतीने त्यांना ते लागलंच नव्हतं.

मलाही लागतं, दादा. इतकी वर्षं झाली, तरी सकाळी पायरीवरून पहिलं पाऊल पाण्यात टाकलं की अंगावर काटा येतो आणि मी दररोज शहारून "आई गं" म्हणते. मला ते जाऊ द्यायचं नाही. म्हणून मी येत नाही.

शेपूट


३० मे

चि. शेंडेफळ,

गल्ल्यावर बाई ठेवली. बाहेरची. आधी बसमध्ये कंडक्टर होती, त्यामुळे सुट्टे पैसे न बघता मोजते आणि गिऱ्हाईक दारात घुटमळलं की "पुढे चला, पुढे चला" म्हणते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मालक, लोकांसमोर टोस्ट तोंडात धरून डोळे मिटून उभं राहता, ते बरं दिसत नाही." परीक्षा आता आत भट्टीपाशी करतो. नवी दाढ आवाज ठीक देते, पण टोस्ट गरम आहे का गार, ते जिभेला विचारावं लागतं.

बाई ठेंगणी आहे. दोन दिवस डब्यावर पाय ठेवून बसली, तिसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावलं. खुर्चीचे चारही पाय वीतभर कापून घेतले. तुकडे टाकवेनात, माळ्यावर ठेवलेत. मधलीला फोन केला होता. हे सांगितलं, तर अर्धा तास बडबडत होती. मी मध्ये बोललो नाही.

ॲप्रन त्या बाईला होत नाही. तुझं माप मला माहीत नाही, नाही तर उसवून तुला पाठवला असता.

दुसरं काही नाही. एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे सकाळी पाणी कितपत गार असतं?

दादा